खालच्या फळीवरचे डबे

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातपूरला कामावर होतो. हृदयविकाराचा झटका, वय अवघं बेचाळीस. महिना झाला, पण माझा राग काही जात नाही. माझ्या धांदरटपणावरून आयुष्यभर टोमणे मारणारा माणूस स्वतःच असा घाईने निघाला...

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघं एका छोट्या कारखान्यात द्राक्षांच्या पेट्या तोलणारे संगणकी काटे बनवायचो. प्रोग्राम त्याचा, जोडणी माझी. निफाडजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मी हौसेने संगणकाची मेमरी सोळा एमबीची बत्तीस केली आणि काटा मधूनच आधीच्या पेटीचं वजन दाखवायला लागला. ऐन हंगाम. आमच्या कारखान्याचे मालक आप्पा सगळ्यांदेखत मला म्हणाले, "मशीन लय बेस चाललं होतं. तुम्ही हात लावला अन् बिघडलं. उद्यापासून येऊ नका." नोकरी गेली असं धरून मी मान खाली घालून उभा राहिलो.

मुकुंद दोन दिवस त्या मशीनपुढे ठाण मांडून बसला. काटा संगणकाला जोडणारं कार्ड जुनं होतं, मेमरीतल्या पहिल्या सोळा एमबीपुढचा पत्ता त्याला कळतच नसे. अशा कार्डांसाठी संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, खालची थोडी जागा राखून ठेवतो. कार्डाने आकडे तिथे उतरवायचे, मग ते वर न्यायचे. ती खालची जागा प्रोग्रामने मागावी लागते, आणि मुकुंद ती मागायला विसरला होता. मेमरी सोळाच होती तोवर ते खपून गेलं. आता नवं वजन भलतीकडेच जात होतं आणि पडद्यावर जुनंच राहत होतं. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण तो म्हणाला, "आप्पा, यानं काही बिघडवलं नाही. चूक माझी आहे. कार्डाचा हात कुठवर पोचतो ते मी बघितलंच नाही."

मुकुंदच्या घरी मायलेक दोघंच. संधिवातामुळे त्याच्या आईचा, काकूंचा, हात खांद्याच्या वर जात नाही. रोज कामावर निघण्याआधी मुकुंद वरच्या फळीवरचे मोठे डबे काढून त्या दिवसापुरतं पीठ, डाळ, साखर खालच्या फळीवरच्या छोट्या डब्यांत भरायचा. मी एकदा माझी पिशवी त्या फळीवर टेकवली, तर त्याने ती उचलून वर ठेवली. माझी नोकरी वाचवणारा माणूस मला खरा कळला तो तिथे.

परवा काकूंकडे गेलो. तेराव्यानंतर पाहुणे पांगले होते. चहा बिनसाखरेचा आला. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "साखर आहे रे... वर आहे."

आता रोज सकाळी कामावर जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे जातो. माझा हात त्याच्याएवढा पोचत नाही, स्टूल घ्यावं लागतं.