विमानाला डबा कुठला?

आमच्या विमलाबाईंना झाशीत ओळखणारी माणसं दोन प्रकारची: रेल्वेतली आणि त्यांच्या हातच्या दशम्या खाल्लेली. नवरा रेल्वेत गार्ड होता. तो गेल्यावरही बाई इथेच राहिल्या. लेक नागपूरला, पण जावयाच्या घरी मुक्काम ठोकणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. तत्त्व कसलं, हट्ट! संध्याकाळी त्या टीव्हीतल्या माणसांना उत्तरं देतात. मी शेजारी राहतो, मला भिंतीतून ऐकू येतं.

इथल्या मराठी रेल्वेवाल्यांचा एक रिवाज आहे. दिल्लीकडे जाणारं आपलं माणूस झाशीवरून उपाशी जाऊ द्यायचं नाही. डब्याचा नंबर विचारून ठेवायचा आणि गाडी लागली की दशम्या घेऊन खिडकीशी हजर. गर्दीत दिसावं म्हणून विमलाबाई जेवणाचा डबा डोक्यावर उंच धरायच्या. लेक शलाका कामासाठी दिल्लीला जायची तेव्हा मायलेकींची भेट व्हायची ती अशीच, गाडी सुटेपर्यंत. तेवढ्यावर बाईंचे महिने निघायचे.

मग शलाका विमानाने जाऊ लागली आणि भेटी संपल्या. नात रेवा बारशाला पाहिलेली. आता ती चालायला लागली होती, तीही मोबाइलवरच.

परवा शलाकाचा फोन आला. थेट विमानाचं तिकीट मिळालं नव्हतं, म्हणून रेवाला घेऊन ती ग्वाल्हेरमार्गे दिल्लीला जाणार होती. "नागपूर ते ग्वाल्हेर पावणेसहाशे किलोमीटर, आई, सव्वा तासात! तिथे जरा थांबतं, मग पुढे."

बाईंनी एवढंच ऐकलं, थांबतं.

"डबा कुठला?"

शलाका हसली. "विमानाला एकच डबा असतो गं."

फोन ठेवून बाई माझ्या दारात. "नारायणराव, उद्या ग्वाल्हेरला चला. शंभर तर किलोमीटर."

"शलाकाला सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? गाडी थांबली की माणूस खाली उतरतंच."

मीही जन्मात विमानात बसलेलो नाही. मला ते पटलं.

विमानतळाच्या दारावर शिपायाने तिकीट मागितलं. "टिकट काहे का, भैया? बिटिया उतरेगी, डिब्बा देके चली जाऊँगी."

"आगे की सवारी उतरती नईं है, अम्मा. अंदरई बैठी रहती है."

विमान उतरलं, तसा बाईंनी फोन लावला. "शलू, मी बाहेर उभी आहे. ग्वाल्हेरला."

पलीकडे शलाका रडायलाच लागली. "आधी बोलायचंस ना गं! आम्हाला उतरू देत नाहीत." रेवा मधेच "आज्जी" म्हणाली. बाई म्हणाल्या, "जेवलीस का बाळा?"

मग लेकीला विचारलं, "खिडकीशी आहेस ना?"

"आहे, पण पलीकडच्या बाजूला."

"बरं. सांभाळून जा."

मला त्या विमानाचा भयंकर राग आला. रात्रभर गाडीत अवघडून येणारी लेक या सव्वा तासवालीपेक्षा जवळ होती.

थोड्या वेळाने विमान भिंतीमागून वर चढलं. बाईंनी पदर खोचला आणि डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला.

"बाई, ती पलीकडच्या खिडकीत आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. विमान दिसेनासं झालं, तरी त्यांचे हात खाली आले नाहीत.