बुधवार, शुक्रवार आणि चक्क रविवार

"एकोणतीस!" शिरोडकर सरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला होता. "मोप्याच्या हॉटेलचा कन्सल्टंट आहे ना, नायर, त्याने परत पाठवलाय. त्याला अठ्ठावीस पाहिजेत. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या लॅबला देणार म्हणतो. आणि तू नेमकी आजच पार्ट-टाइम मागायला आलीस!"

मी त्यासाठीच आले होते. माझी अन्वी सात महिन्यांची झाली होती, रजा संपत आली होती आणि मला आठवड्यातून तीनच दिवस काम हवं होतं. पेडण्यातल्या या छोट्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये मी नऊ वर्षं सिव्हिल इंजिनिअर आहे. रिपोर्टवर सही करायचा अधिकार दोघांनाच, सरांना आणि मला.

"तीन दिवस येईन सर, पण पूर्ण दिवस," मी म्हटलं.

"मग सोमवार, मंगळवार, बुधवार ये. एक महिना बघू. नाही जमलं तर मला फुल-टाइम माणूस शोधावा लागेल. अर्ध्या इंजिनिअरचं मी काय करू, सांग?"

अर्धी इंजिनिअर! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. नऊ वर्षं सिमेंटच्या धुळीत काढली, पोटात पोर असताना आठव्या महिन्यापर्यंत साइटवरचे जिने चढले, आणि आता मी अर्धी. पण नोकरी मला टिकवायची होती. मी तोंड आवरलं. "दिवस कुठले ते उद्या सांगते," एवढंच बोलले, रजिस्टरच्या गेल्या सहा महिन्यांच्या पानांचे फोटो काढले आणि घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं.

आता आमचं काम काय ते सांगते. साइटवर स्लॅब घालतात, तेव्हा त्याच काँक्रीटचे सहा ठोकळे लोखंडी साच्यात भरून ठेवतात. त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. दुसऱ्या दिवशी साचे उघडून क्यूब पाण्यात टाकायचे. सातव्या दिवशी तीन काढायचे, मशीनखाली दाबून फोडायचे आणि किती वजन सोसलं ते लिहायचं. उरलेले तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. काँक्रीट रोज थोडं थोडं घट्ट होत जातं, म्हणून दिवस मोजून लिहितात. एका दिवसाने इमारत काही कोसळत नाही, पण नियम तो नियम.

दुपारी अन्वी झोपली तशी मी कॅलेंडर घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि प्रत्येक स्लॅबची तारीख कुठल्या वारी येते ते लिहीत गेले. पान भरत आलं तसे माझे डोळे विस्फारले. बुधवार, शुक्रवार, रविवार. पुन्हा रविवार. पुन्हा बुधवार. मधे एखादा चुकार शनिवार. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार जवळजवळ कोरेच!

सासूबाई शेजारी नारळ खोवत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, हे बघा काय गंमत. सोमवारी कोणी स्लॅबच घालत नाही."

त्यांनी मानही वर केली नाही. "अगो, सोमवारी स्लॅब घातल्यार कामगारांक जेवणाक काय घालतले? मुगागाठी?"

खरंच की! मोड आलेल्या मुगाची आमटी त्या दिवशी कोण वाढणार! आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी कामगारांना कोंबडीचं नाहीतर मटणाचं जेवण द्यायचं, हे ठरलेलं. कामगार बाहेरचे असले तरी घरमालक आणि कंत्राटदार इथले. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चुलीवर मांसमच्छी चढायला उरतात तीन वार. नऊ वर्षं मी ते रजिस्टर लिहीत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. स्वयंपाकघरातून न उठता आईंनी सांगितलं.

आणि सात काय नि अठ्ठावीस काय, दोन्ही सातच्या पाढ्यातले. म्हणजे ज्या वारी स्लॅब, त्याच वारी क्यूब फोडायचे. बुधवारचे बुधवारी, रविवारचे रविवारी. पण रविवारी लॅब बंद! म्हणून ते सोमवारी फुटायचे आणि आम्ही इमानेइतबारे एकोणतीस लिहायचो. मीही तेच केलं होतं, खोटं कशाला बोलू. साध्या घरमालकांनी तो आकडा कधी वाचला नाही. नायरनी वाचला.

माझे तीन दिवस ठरले. आता घरचं गाडं अडलं.

"बुधवारी मी नुस्तें निवळतंय," आई म्हणाल्या. नुस्तें म्हणजे मासळी. "त्या हातांनी पोराक घेव? आणि शुक्रवारी म्हापशाचो बाजार. तो मी सोडूचंय नाय."

"नुस्तें मी कामावर जायच्या आधी साफ करून देते. आणि बाजार?"

त्यांनी खोवलेला नारळ बाजूला सारला. मग म्हणाल्या, "पयल्या बसीन जातंय. धा वाजता घरात. तू जा, अर्धी म्हणता तो तुका!"

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलावर कागद ठेवला. बुधवार, शुक्रवार, रविवार. शुक्रवारी सव्वादहाला पोचेन, हेही लिहिलं होतं.

"रविवार?" सरांनी चष्मा काढला. "सगळ्या बाया रविवारची सुट्टी मागतात. तुझं बाळ कोण बघणार?"

"बाळाला बाप आहे सर. वीज खात्यात आहे, त्याला रविवारी सुट्टी असते."

सर हसले नाहीत. मी त्यांना रजिस्टर उलगडून दाखवलं. मुगागाठीचंही सांगितलं. तेव्हा मात्र ते खुर्चीत मागे रेलून असे हसले की मशीनवाले गुणाजीकाका बाहेरून डोकावले.

"गुणाजी, रविवारी येशील? बदली सोमवारी सुट्टी."

"सोमवारी माझा उपासच असता," काका म्हणाले. "देवळात जावक गावतला. केव्हापासून?"

"याच रविवारपासून," सर म्हणाले. "हॉटेलचे अठ्ठावीस याच रविवारी भरतात. मी नायरना कळवतो. बघू, तुझा हिशेब खरा ठरतो का."

त्या रविवारी दहा वाजता मी टाकीतून क्यूब काढत होते, तेवढ्यात दारात एक गाडी थांबली. खुद्द नायर! लॅब खरंच उघडी आहे का, ते बघायला पणजीहून आले होते. नमस्कार नाही, काही नाही. थेट मशीनपाशी उभे राहिले. आज कुठे चुकलं तर काम जाणार, आणि कामाबरोबर मीही.

मी क्यूब पुसले, मापले, वजन केलं, मशीनच्या प्लेटवर बरोबर मधोमध ठेवले. काकांनी दाब वाढवत नेला. काटा चढत गेला. फट्! चारही बाजू सारख्या निखळल्या आणि मधे डमरूच्या आकाराचा तुकडा उभा राहिला. क्यूब नीट ठेवला, नीट दाबला, की असाच फुटतो. दुसराही तसाच, तिसराही. तिन्ही आकडे पास.

नायरनी रिपोर्टवर क्यूबच्या वयाच्या रकान्यात बोट ठेवलं. अठ्ठावीस.

"तुम्ही रविवारीसुद्धा काम करता?" त्यांनी विचारलं.

"तुमचा स्लॅब रविवारचा आहे, साहेब," मी म्हटलं. "मग क्यूब आणखी केव्हा फोडणार?"

त्यांनी मान डोलावली. जाताना सरांना फोन लावला, तो मी माझ्या कानांनी ऐकला. "पुढच्या दोन बिल्डिंगचंही टेस्टिंग तुमच्याकडेच. पण सही त्या मॅडमची पाहिजे." अभिमान वाटला का? वाटला तर! घरी जाताना स्कूटरवर मी एकटीच हसत होते.

महिना संपला तेव्हा सरांनी फुल-टाइम माणसाचा विषयच काढला नाही. तीन दिवसांत लॅबचे बहुतेक क्यूब माझ्या हातून जात होते. चुकार शनिवारचे सर बघतात आणि त्या दिवशी वैतागलेले असतात.

लॅबच्या दारावर आता नवीन पाटी आहे: 'सोमवार बंद'. आई एकदा अन्वीला कडेवर घेऊन मुद्दाम ती बघायला आल्या. पाटी दोनदा वाचली आणि शेजारच्या दुकानदाराला म्हणाल्या, "ही पाटी माझ्या सांगण्यावरून लागली."

खरंच होतं ते.

पार्ट-टाइम मागणाऱ्या पोरींना मी एकच सांगते. आपल्याला कुठला दिवस सोयीचा, ते शेवटी बोला. आधी काम कुठल्या दिवशी येतं ते शोधा. आणि रजिस्टर बघून कळलं नाही, तर स्वयंपाकघरात जाऊन विचारा.