दवाखान्यात एकटी आलेली

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची बस सुटायच्या बेतात होती. माझ्या शेजारी पस्तिशीची एक बाई बसली होती. तिचे पाय सुजलेले, ओठ निळसर. दोन शब्द बोलली की श्वासासाठी थांबायची. लुगड्याला विडीच्या तंबाखूचा वास होता.

तिचा दीर खिडकीशी आला. "वैनी, उतरा खाली. काळजाला सुरी लावून कोण जगलंय?"

ती दम खाऊन म्हणाली, "भावजी, काळीज माझं हाय. पोरांकडं बघा तेवढं."

वाटेत तिनं मला सांगितलं. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप आवळली होती. अंगाला पुरेल एवढं रक्त पुढं जातच नव्हतं.

"एक घागर उचलली की बसाय लागतंय. डॉक्टर म्हणाले, झडप उघडली तर निभंल. घरात बसून वाळत जायचं, त्यापरीस जाऊन बघावं."

बेळगावात मी तिची पिशवी घेतली. हात मात्र तिनं धरू दिला नाही. थांबत थांबत ती दवाखान्यापर्यंत चालली. दारात नर्सनं विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

"मीच पेशंट, मीच सोबत," ती म्हणाली आणि आत गेली.

मी बेळगावजवळच्या मच्छे गावी कामावर गेलो, पण ती मनातून जाईना. महिन्याभरानं चौकशीला गेलो. नाव ठाऊक नव्हतं; निपाणीची, एकटी आलेली, एवढंच सांगितलं.

नर्स हसली. "परवाच घरी गेली. दीर रिक्षा घेऊन आला होता. त्याला म्हणाली, स्टँड काय लांब न्हाय, चला."