आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या

आईच्या मणक्यात क्षयरोग होता, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. खुद्द आईलाही सांगितलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव, मी महाडला कारखान्यात कामाला. आईची पाठ वर्षभर दुखत होती. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, भातलावणीत जन्मभर वाकलेली बाई. दुखणारच, असं सगळे म्हणत. महाडला फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. "मणक्याला टीबी आहे. वयानं हाडं आधीच विरळ झालीत, त्यात हा जंतू पोखरतोय. वर्षभर गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही. चुकवलंत तर पाय जातील."

आई बाहेर बाकावर बसली होती. "काय बोलला रे डॉक्टर?"

"कॅल्शियम कमी हाय."

त्याच आठवड्यात बहिणीला बघून गेलेल्यांचा होकार आला होता. टीबीच्या घरातली मुलगी कोण करणार? आईला एसटी स्टँडवर बसवून मी कॅल्शियमची बाटली विकत घेतली, चवदार तळ्याच्या काठी रिकामी केली आणि टीबीच्या गोळ्या स्ट्रिपमधून एकेक सोडवून तिच्यात भरल्या.

आई घेऊ लागली. बाटली संपत आली की मी तशीच पुन्हा भरून ठेवायचो. एकदा दबक्या आवाजात म्हणाली, "कॅल्शियमनं लघवी तांबडी होते काय रे?"

"होते."

शेजारची काकी चिडवायची, "लाल लाल गोळ्या खाऊन म्हातारी तरणी होतेय गो!"

"तरणी कसली? पाठीला पोक आलाय. व्याही बोलतील, विहीणबाई गाठोडं घेऊनच आल्या."

लग्न झालं. आता सांगू, म्हटलं. नाही सांगितलं. बहिणीला दिवस गेले, मग तर जीभच उचलेना. सासरी कळलं तर?

पुढच्या पावसाळ्यात आई चुलीपुढं बसली, ती उठेचना. पायांत जीवच नव्हता. दवाखान्यात न्यायला तिचं लुगडं शोधताना ट्रंकेत फडक्याची पुरचुंडी सापडली. आत ओंजळभर गोळ्या.

"ह्या काय गं?"

"उपासाच्या नाय घेतल्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी. शक्तीच्याच तर हायत. पोरीला बाळंतपणात लागतील, म्हणून ठेवल्या."

शक्तीच्या गोळ्या म्हटल्यावर कुठलीही आई हेच करील. मी 'रोज घे' एवढंच म्हणत होतो. का, ते कधी बोललो नाही.

मणका खचला होता. औषधं पुन्हा सुरू केली, पण पाय आले नाहीत. अडीच वर्षं ती खाटेवर होती. पडून पडून झालेल्या पाठीच्या जखमा मी धुवायचो, तेव्हा तीच माझी समजूत घालायची, "माझीच हाडं फुकट रे. तू किती करशील?" मी ऐकून घ्यायचो. ती गेली तेव्हाही लोकांना तेच सांगितलं: हाडं ठिसूळ झाली होती.

बहीण आता पन्नाशीला आली. पाळी थांबल्यापासून कंबर धरते. परवा फोनवर रडली. "दादा, आईचीच हाडं आलीत माझ्यात. मी पण अशीच पडून राहणार."

"तसं काय नाय होत," म्हणालो आणि फोन ठेवला.

आईला काय झालं होतं, ते मी लपवलं आणि त्यातच ती गेली, एवढं खरं सांगायचं मी माझ्या बहिणीचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.