फिल्मवरचं ताजं रक्त

ती काळी-पांढरी फिल्म अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकात मी इंदापूरला फौजदार होतो. पुण्याच्या रुग्णालयातून ठाण्यात वर्दी आली. शेळगावचं तीन महिन्यांचं बाळ, झटके येताहेत, अंगावर साधा ओरखडा नाही, पण सिटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसतंय.

मी शेळगावला पोचेपर्यंत गावाने आरोपी ठरवला होता. बाळाला न्हाऊ घालणारी विधवा मावशी. बापाने जबाब दिला, "महिन्यामागं तिच्या हातनं निसटलं, तवापासनं किरकिरतंय." गरीब बाई हाताशी असली की गाव तपास करत नाही, थेट निकाल देतं.

मावशी एवढंच म्हणाली, "निम्म्या गावाची लेकरं ह्या पायांवर न्हाली, सायेब. एक पडलं न्हाय."

पुण्यात डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "हे काळपट रक्त जुनं, काही आठवड्यांपूर्वीचं. हे पांढरं ताजं, दोन-तीन दिवसांतलं. बाळाला जोरात हलवलेलं दिसतंय, तेही एकदा नव्हे."

"कोणी?"

"ते फिल्म सांगत नाही. पण बाळ पुन्हा त्याच हातात गेलं, तर वाचेल असं मी लिहून देणार नाही."

पंचनाम्याला घरी गेलो. आजीला सहज विचारलं, "मावशी या आठवड्यात येत होती ना?"

"कुठली येतीया! दीर वारला न्हाय का तिचा? सुतकात हाय. आठवडाभर उंबरा शिवू दिला न्हाय आमी तिला. आमच्यात सोवळं कडक हाय."

"आई, गप की गं!" बाप ओरडला.

मग ताजं रक्त कुठून आलं? ठाण्यात हाच एक प्रश्न मी त्याला पुन्हा पुन्हा विचारला. शेवटी तो म्हणाला, "रडायचं थांबतच नव्हतं. धरून हलवलं. मारलं न्हाय, सायेब."

"आणि महिन्यापूर्वी?"

"...व्हय. मीच."

सुनेला, म्हणजे बाळाच्या आईला, सगळं माहीत होतं. "बोलले असते तर मला हाकललं असतं," ती म्हणाली, "अन् बाळ हितंच ठिवून घेतलं असतं."

बापावर गुन्हा दाखल केला. मारहाण कातडीवर दिसते, हा आम्हा पोलिसांचा पक्का समज होता. तो त्या फिल्मने मोडला. पण हात कोणाचा, हे फिल्म सांगत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं, आणि सर्वांत गरीब माणसापासून सुरुवात करायची नसते.

बाळ वाचलं. नरसिंहपूरला माहेरी निघताना सुनेने ते मावशीपुढे धरलं. मावशी मागे सरली.

"नगं बाई. परत काय झालं तर?"

"घ्या वो मावशी. तुमच्या सुतकानं वाचलंय त्ये."