वटवाघळांवरचा आळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. पुण्याच्या बहिणीजवळ नाही, कॉलेजातल्या मित्रांजवळ नाही. आई गेली तेव्हा माणसं भेटायला येत होती, मन मोकळं कर म्हणत होती — तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं, आणि तेवढं धाडस माझ्यात असतं तर हे घडलंच नसतं.

कुठून सुरुवात करू? किड्यापासूनच करतो. त्याच्याबद्दल मी न अडखळता बोलू शकतो.

मी बडोद्यात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. माझा विषय माइट. मराठीत त्याला धड शब्द नाही. गोचिडाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा चुलतभाऊ म्हणा. रावपुऱ्यातल्या आमच्या नातेवाइकांत तर मी ‘दुसऱ्याच्या अंगावरचे किडे वेचणारा’ म्हणूनच ओळखला जातो. वडील गेल्यावर आम्ही रावपुरा सोडला आणि गोत्रीत एका सोसायटीत फ्लॅट घेतला. मी लग्न केलं नाही. घरात आई आणि मी, बस्स.

सोसायटीच्या दोन विंगांच्या मध्ये एक उभी फट होती. दोन-चार बोटं रुंदीची, तळापासून गच्चीपर्यंत — उन्हाळ्यात इमारती प्रसरण पावतात म्हणून बांधतानाच सोडतात, तशी. त्या फटीत लहान वटवाघळं राहायची. दिवेलागणीला एकेक करून बाहेर पडायची. मी गच्चीवर जाळं लावून काही पकडली, पंख उलगडून बघितले, आणि पंखाच्या पडद्यावर तो मला दिसला. ओल्या ब्रशच्या टोकानं उचलला. मग सूक्ष्मदर्शकाखाली पायांवरचे केस मोजणं, जगभरच्या जुन्या वर्णनांशी ताडून बघणं — हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी खात्री पटली, की हा आजवर कुणीच नोंदवलेला नाही. शहराच्या जुन्या नावावरून, वटपद्रावरून, मी त्याला नाव दिलं. वर्तमानपत्रात फोटोसकट चार ओळी आल्या. आमचे चेअरमन किरीटभाई यांनी त्या कापून लिफ्टमध्ये चिकटवल्या, आणि काही दिवस मी लिफ्टनंच जात-येत होतो, राहतो पहिल्या मजल्यावर तरी. हेही कबूल करून टाकतो, लहानसंच आहे.

त्या किड्याची एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. तो वटवाघळाचा पंख सोडून कुठेही जात नाही. अंडीसुद्धा घालत नाही. पिल्लू थेट पंखावरच जन्मतं, तिथंच वाढतं, तिथंच मरतं. माणसाच्या अंगावर तो जगूच शकत नाही. हे माझ्याइतकं खात्रीनं सांगू शकणारा माणूस बडोद्यात तरी दुसरा नव्हता.

आता आईचं.

शोधनिबंधाचं शेवटचं काम चालू होतं तेव्हा आईला विसरायला होऊ लागलं होतं. गॅस चालू राहायचा. दुपारी जिना उतरून रावपुऱ्याला निघायची. मला तिला घरी एकटं सोडवत नव्हतं आणि कामही सोडवत नव्हतं — मग मी काय केलं? हरणीकडे एक वृद्धांची निवासी सोय होती, तिथं तिला ठेवलं. थोडेच दिवस, असं स्वतःला सांगून. आणि सोसायटीत सांगितलं, आई बहिणीकडे पुण्याला गेली आहे. का? आमच्या मजल्यावरच्या हेतलबेन आईला बा म्हणायच्या, आणि रोज विचारायच्या, बा कशा आहेत म्हणून. ज्या बाईनं स्वतःच्या सासूचं अंथरुणात सगळं केलं, तिला मी काय सांगणार होतो? किडे मोजायला वेळ हवा म्हणून आईला ठेवून आलोय?

निबंध छापायला गेला आणि मी आईला परत आणलं. ती वाळली होती. आणि खाजवत होती. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला. मी म्हटलं, कोरडी त्वचा आहे, वय झालंय. खोबरेल तेल लावलं. आई म्हणाली, “अरे, खरूज आहे ही. माझ्या बाजूच्या खाटेवरच्या बाईला होती.” मी तिच्यावर खेकसलो. असले शब्द घरात काढू नकोस, म्हणालो. विसराळू बाईचं काय मनावर घ्यायचं, असंही मनात आलं. सोयीचं होतं ना ते.

खरजेचं कारणही माइटच असतो, हे वेगळं सांगायला नको. माझाच विषय. आणि मी आईचा हात हातात घेऊन एकदा भिंगातून बघितला नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, आणि मला कळायला नको होतं.

हेतलबेनची मुलगी ध्रुवी तेव्हा बालवाडीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट आमच्याकडे. आईच्या मांडीवर बसायची, हिंचक्यावर दोघी झुलायच्या, आई तिला चिऊकाऊच्या गोष्टी सांगायची. गुजराती घरातली पोर, पण ‘आजी’ म्हणायची आणि आमच्यासारखं मराठी बोलायची. आईला माझं नाव आठवायचं नाही अशा दिवशीही ध्रुवीचं आठवायचं.

एक दिवस हेतलबेन तिला घेऊन माझ्याकडे आल्या. “सर, आ जुओ ने, आखी रात खंजवाळे छे,” म्हणाल्या. जरा बघा ना, रात्रभर खाजवते. पोरीच्या बोटांच्या मध्ये बारीक लाल पुरळ होतं. सोसायटीत आणखी दोन-तीन घरांतही मुलं खाजवत होती. किड्यांचा जाणकार म्हणून त्या विश्वासानं आल्या होत्या. मी ध्रुवीच्या बोटाजवळची त्वचा हलकेच खरवडली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

शंकेला जागाच नव्हती. गोलसर, आखूड पायांचा, माणसाच्या कातडीत बीळ करणारा — खरजेचा किडा. पहिल्या वर्षाच्या पोरानंही ओळखला असता. मी काचपट्टी काढली, धुतली आणि पुसून जागेवर ठेवली. हात पुसताना लक्षात आलं, माझ्याही बोटांच्या बेचक्यांत तसंच पुरळ होतं.

खरूज म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच — कुणाकडून आली? पुण्याला बहिणीच्या घरून? मग हरणी. मग ते खोटं. मग हेतलबेनचा चेहरा. एवढंच होतं हो. नोकरी जाणार नव्हती, कुणी पोलिसात देणार नव्हतं. एका शेजारणीच्या नजरेतून उतरायला लागलं असतं, आणि ते मला झेपणार नव्हतं.

त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. खाजेचाच विषय. गुजरातीत खरजेला खस म्हणतात. कुणीतरी तो शब्द उच्चारला आणि लगेच चारजण म्हणाले, आपल्यासारख्यांच्या घरात कसली खस? मग किरीटभाई माझ्याकडे वळले. “सर, तमारां चामाचीडियांमांथी तो नथी ने आ?” तुमच्या वटवाघळांमधून तर नाही ना हे?

त्यांनी मला आयतं दार उघडून दिलं होतं. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा होतो, पुरळ दिसू नये म्हणून. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, “ना न कहेवाय.”

नाही म्हणता येणार नाही. बघा, किती सावध वाक्य आहे. आम्ही शास्त्राची माणसं असंच बोलतो. शक्यता नाकारता येत नाही, असं निबंधात शंभरदा लिहितो. खोटं बोललो असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण मी खोटंच बोललो. ते ज्या प्राण्याबद्दल होतं, त्याच्या निरपराधीपणाचा जगातला एकुलता एक साक्षीदार मी होतो.

पुढच्या रविवारी फट बुजवली. आधी औषध फवारलं, मग वरपासून खालपर्यंत फोम आणि सिमेंट. दिवस उन्हाळ्याचे होते, माद्यांना पिल्लं होती, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत थांबा, निदान मोठी तरी बाहेर पडू देत — एवढं तरी म्हणावं की नाही? मी खिडकी लावून घेतली. आतून चिंचिं ऐकू येत होतं. सोमवारी कमी झालं, मग थांबलं. नंतर वास सुटला. भिंतीला लागून असलेल्या बेडरूममध्ये कुणी झोपेना. मुलांच्या भल्यासाठी सोसलं लोकांनी.

तो किडा मी नंतर कुठकुठे शोधला. दुसऱ्या इमारती, जुने पूल, देवळं. नाही मिळाला. इतरत्र असेलही, मला माहीत नाही. त्याच्या वर्णनात अजून आमच्या सोसायटीचंच ठिकाण आहे, आणि विद्यार्थी मला विचारतात, सर, तिथं बघायला येऊ का?

पण वटवाघळांवर थांबलो तर तुम्ही फसाल. मला तसंच करायचा मोह होतोय. वटवाघळांचं पाप सांगितलं की माणूस जरा हळवा, जरा मोठा वाटतो.

मी रावपुऱ्यातल्या एका केमिस्टकडून — गोत्रीतल्या नव्हे — खरजेचं मलम आणलं. आईला मानेपासून पायांपर्यंत लावलं, मीही लावलं, चादरी उकळल्या. आमची खाज गेली. हे मलम घरातल्या आणि संबंधातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं, नाहीतर उपयोग नाही. हेही मला माहीत होतं. समोरच्या दारापर्यंत तीन पावलं. नुसती ट्यूब ठेवून आलो असतो तरी चाललं असतं.

हेतलबेन ध्रुवीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, आणि डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, वटवाघळांचे किडे चावलेत, आमच्या सरांनीच सांगितलंय. डॉक्टरांनी अॅलर्जीचं मलम दिलं. त्यानं खाज दबते आणि खरूज पसरते. पोर खाजवत राहिली. फोड आले, फोडांत पू झाला. ती दुपारी आमच्याकडे यायची तेव्हा मी तिला दारातूनच परत पाठवू लागलो. आईला म्हणालो, तिला शाळेचा अभ्यास आहे. बालवाडीचा अभ्यास.

एका सकाळी ध्रुवीचा चेहरा सुजला. डोळे उघडेनात. लघवी चहासारखी झाली. कातडीतला जंतुसंसर्ग मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता. तिला दवाखान्यात ठेवलं, आणि ती तिथं बरेच दिवस होती. मी भेटायला गेलो. फळं नेली. त्या एवढ्याशा हाताला सुई टोचलेली होती आणि तिनं विचारलं, “आजी का नाही आली?” मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. खरंच आठवत नाही की आठवायचं नाही, कुणास ठाऊक.

दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी खरूज ओळखली. मला वाटलं, संपलं. आता हेतलबेन हिशेब जुळवतील, दार ठोठावतील, आणि मी — सांगतो, मला जरा सुटल्यासारखंसुद्धा वाटलं.

त्या आल्या. संध्याकाळची वेळ होती, आई हिंचक्यावर बसली होती. हेतलबेन दाराशीच उभ्या राहिल्या, आत येईनात. हळू आवाजात म्हणाल्या, “सर, खस नीकळी.” वटवाघळांचं नव्हतं ते. शाळेतून आली असेल, नाहीतर त्यांच्याच घरात कुठून तरी. पोर रोज बांच्या मांडीवर बसायची, तेव्हा बांना काही झालं नाही ना? आपल्याला रात्ररात्र झोप लागत नाही, म्हणाल्या. म्हातारं माणूस, आणि आमच्यामुळे — त्यांना रडू फुटलं. त्यांनी हात जोडले. सोसायटीत कुणाला सांगू नका, म्हणाल्या, आणि आम्हाला माफ करा.

इथं येईपर्यंत मी इतका वेळ घेतला, तो यासाठी.

मी म्हणालो, “कंई वांधो नहीं, हेतलबेन.” काही हरकत नाही. वर म्हणालो, मी कुणाला बोलणार नाही. आणि — कसं सांगू — मी त्यांना माफ केलं. शांतपणे, मोठ्या मनाच्या माणसाच्या आवाजात. आई बरी आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असंही म्हणालो.

आईनं सगळं ऐकलं. तिनं पाय टेकवून हिंचका थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला त्या क्षणी किती कळलं, नंतर किती आठवलं, मी सांगू शकत नाही. त्यानंतर मात्र तिनं ध्रुवीचं नाव काढलं नाही. मी तेल लावायला बसलो की हात मागे घ्यायची.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. ध्रुवी मोठ्या वर्गात गेली आहे. वयाच्या मानानं लहानखुरी दिसते. लघवी तपासायला अजून न्यावं लागतं, आणि मीठ बेतानंच. दर दिवाळीला हेतलबेन मठियांचा, त्या तळलेल्या खारट पापड्यांचा, पहिला डबा आमच्याकडे पाठवतात — तुम्ही त्या वेळी किती सांभाळून घेतलंत, म्हणतात. डबा घेऊन ध्रुवीच येते. तिला त्यातलं एकही खायला मनाई आहे. ती डबा पुढे करते, आणि मी घेतो.