भोरड्यांची खोली

माझ्या वडिलांना, आबांना, ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना कळलं होतं, फक्त आबांना मान्य नव्हतं. "तुमीच हळू बोलाया लागलाव," असं ते उलट आम्हालाच सुनवायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक आवाज गेलेत, जाड तेवढे राहिलेत, आणि तेही फार काळ टिकायचे नाहीत. कानाचं मशीन आणलं. आबांनी ते थोडे दिवस घातलं आणि "नुस्ती भांडी वाजत्यात" म्हणून डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवून दिलं. आता देव ऐकत असेल त्यातून.

मी आवाज गोळा करायचं काम करते. पुण्यात त्याला कला म्हणतात, गावात रिकामा उद्योग. आमच्या शिवाराला लागून मोठं माळरान होतं. लहानपणी तिथल्या चंडोलांनी मला कधी उशिरापर्यंत झोपू दिलं नाही. आता माळावर पवनचक्क्या आहेत आणि खाली ज्वारीच्या जागी सोयाबीन. पाखरं कमी होत गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आबांच्या कानांचंही तसंच झालं.

हे दोन्ही मला एका जागी मांडायचं होतं. उरल्यासुरल्या माळावर दोन हिवाळे फिरून मी पाखरांचे आवाज टिपले आणि कळंबला ओळखीच्यांचं धान्याचं रिकामं गोदाम मागून घेतलं. चारी भिंतींना आणि वर छताला स्पीकर लावले, खाली कडबा पसरला, अंधार केला. आत बसलं की चहूकडून माळ बोलायला लागायचा. मग एकेक आवाज गळत जायचा, आबांच्या कानांतून ज्या क्रमानं गेला त्याच क्रमानं. शेवटी उरायची पवनचक्कीची घरघर. लोक बाहेर आले की आधी आभाळात पाखरं शोधायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण आबांना मला ते गळणं ऐकवायचं नव्हतं. कान आहेत तोवर एकदा तरी त्यांना सगळी पाखरं भेटवायची होती. एका दुपारी गोदाम रिकामं असताना त्यांना स्कूटीवर बसवून आणलं. काहीही न गाळता, आवाज मोठा करून लावलं. चंडोल झाला, मुनिया झाल्या. मोबाइलच्या मंद उजेडात आबा सोयरिकीला आल्यासारखे कडब्यावर मांडी घालून बसलेले दिसत होते.

"ऐकू येतंय का, आबा?" मी कानाशी ओरडले.

"ब्येस हाय. गार हाय हितं."

मला रडू आलं. रागही आला, त्यांचा की माझा, कुणास ठाऊक.

मग भोरड्या आल्या. हुरड्याच्या दिवसांत थव्यानं ज्वारीवर उतरणारी ही पाखरं. त्यांची चिवचिव बारीक, पण अख्खा थवा एकदम वळला की पंखांचा चांगला जाड आवाज होतो. तो डाव्या भिंतीतून निघाला आणि आमच्या डोक्यावरून गेला. आबांची मान वर झाली. दुसऱ्या क्षणाला ते उभे राहून रिकामा हात गोफणीसारखा गरगर फिरवत होते. "हाऽऽ हुर्र! हाऽऽ!" त्यांची उभी हयात मचाणावर ज्वारी राखण्यात गेलेली. गोदाम दणाणलं. मी एवढी दचकले की हातून बटण दाबलं गेलं आणि सगळं बंद पडलं.

आबा हात तसाच वर धरून अंधारात बघत राहिले.

"उडाली व्हय गं?"

"उडाली, आबा."

ते हळूहळू खाली बसले. "सवयच तशी हाय बघ. आली की हाकलायचं." मग म्हणाले, "पुन्ना बोलीव त्यांना, माय. आता कुठं ज्वारी हाय आपली? खाऊ दे काय खायचं ते."

मी परत लावलं. थवा भिंतीतून निघून डोक्यावर आला. मोबाइलच्या उजेडात बघितलं, तर आबांनी उपरण्याचा बोळा करून तोंडावर घट्ट दाबून धरला होता, हाक सुटू नये म्हणून.